शासनाचे कार्यक्षेत्र आणि धरमतरचा खारबांध

रॅमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली सुरू झाले. त्या पहिल्याच वर्षी लोकनेतृत्वासाठी आचार्य विनोबा भावे यांना, आणि लगेच पुढल्या वर्षी, १९५९ मध्ये, शासकीय सेवेसाठी चिंतामणराव देशमुख यांना हा मान मिळाला. दोघेही जुन्या कुलाबा जिल्ह्याचे. विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. चिंतामणरावांचा १४ जानेवारी १८९६ रोजी महाड तालुक्यातील नाते येथे, आणि त्यांचे घराण्याचे नाते रोह्याशी. म्हणजे दोघांच्या जन्मांत चार महिन्यांचे अंतर, आणि गावांत फार तर एक-दोन दिवसांच्या पायवाटेचे. पुढे एकाने शासनापासून मुक्त झालेल्या समाजाचे चित्र रंगविले. दुसऱ्याने रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, नियोजन आयोगाचे सदस्य आणि अर्थमंत्री या नात्यांनी स्वतंत्र भारताच्या शासनयंत्रणेला आर्थिक हातपाय दिले. एकाच मातीतून इतक्या भिन्न दिशांना जाणारे दोन विचार निघावेत, हा योगायोग नुसत्या कौतुकाचा विषय न राहता चिकित्सेचाही व्हावयास हवा.

शासनाने काय करावे व काय करू नये, हा प्रश्न मराठी विचाराला नवा नाही. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी, शासनाने अर्थव्यवहारात हात घालू नये हा इंग्रजी अर्थशास्त्राचा सिद्धान्त हिंदुस्थानच्या परिस्थितीला जसाच्या तसा लागू पडत नाही, असे प्रतिपादन केले होते. तेव्हापासून या वादाची मांडणी बहुधा परिमाणाच्या भाषेत होत आली: शासन अधिक हवे की उणे. मध्यममार्ग सुचविणारेही याच मोजपट्टीवर अधिक आणि उणे यांच्या मधला एखादा बिंदू दाखवितात. ही मोजपट्टीच सदोष आहे, आणि तिचा दोष विनोबा व देशमुख या दोघांच्या विचारपरंपरांत निरनिराळ्या रीतीने उतरला आहे. तो पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. दोघांच्याही परिसरातील धरमतरच्या खाडीवर मातीचे जे बांध आहेत, ते पुरेसे आहेत. खारबांधाविषयी या दोघांनी स्वतंत्र विवेचन केले, असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्या विचारांची कसोटी तेथे लागते, इतकेच.

अंबा नदी सह्याद्रीतून निघून पाली, नागोठणे या मार्गाने येते आणि धरमतरच्या खाडीतून मुंबई बंदराच्या तोंडाशी समुद्राला मिळते. खाडीच्या एका अंगाला पेण तालुका, दुसऱ्या अंगाला अलिबाग. दोन्ही काठांवरचा सपाट, चिखलट मुलूख म्हणजे खारेपाट. ही शेती निसर्गाने दिलेली नाही. भरतीचे पाणी जेथे एरवी दिवसातून दोनदा येऊन गेले असते, तेथे मातीचा बांध घालून ते अडवावयाचे, पावसाळ्यात वरून पडणाऱ्या गोड्या पाण्याने जमिनीतील क्षार धुऊन काढावयाचे, आणि मग त्या जमिनीत भाताचे एक पीक घ्यावयाचे, असा हा व्यवहार आहे. पावसाचे साठलेले पाणी बाहेर जावे म्हणून बांधात जागोजाग उघाड्या असतात; ओहोटीला त्यांची दारे उघडतात, भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबानेच मिटतात. काळा राता, भुरा राता या खारट जमिनीत तगणाऱ्या भाताच्या जाती याच शेतीतल्या, आणि पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातील पुढील कामाचा पायाही अशाच जातींचा.

या बांधाचा एक गुणधर्म नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढील विवेचनाला अर्थ नाही. बांध कित्येक मैल लांब असला, तरी त्याचे बळ त्याच्या सर्वांत कच्च्या हाताभर जागेइतकेच असते. उन्हाळ्यात मातीला भेग पडते, खेकडा बीळ करतो, उघाडीचे एखादे दार कुजते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी त्या वाटेने आत शिरते आणि दोन-चार भरत्यांत बोटभर भोकाची खांड होते. ती भांगाच्या दिवसांत, पाण्याचा जोर कमी असताना बुजवावी लागते. पुढचे उधाण आले की खांड रुंदावते आणि काम हाताबाहेर जाते. एकदा खारे पाणी शेतात पसरले, की त्या वर्षीचे पीक तर जातेच, पण क्षार धुऊन जाण्यास पुढील दोन-तीन पावसाळे लागतात. बांध ज्याच्या शेताला लागून फुटला त्याचे नुकसान आणि मैलभर आत शेत असलेल्याचे नुकसान, यांत फारसा फरक राहत नाही.

आता विनोबांकडे वळावे. त्यांची भूमिका पुष्कळदा अराजकवादाशी जोडली जाते, पण ते अचूक नाही. शासनहीन समाज, सुशासित समाज आणि शासनमुक्त समाज असा भेद त्यांनी केला आणि यांपैकी तिसरा आपल्या इष्टाचा मानला. शासनहीनतेत अंदाधुंदी असते. सुशासनात लोक सुखी असले तरी परावलंबी असतात. शासनमुक्तीत लोकांनी आपली कामे आपण हाती घेतल्यामुळे शासनाला काम उरत नाही. मार्च १९५३ मध्ये चांडिल येथील सर्वोदय संमेलनात त्यांनी हिंसाशक्तीच्या विरोधी आणि शासनाच्या दंडशक्तीहून वेगळी अशी तिसरी शक्ती, म्हणजे लोकशक्ती, उभी करण्याचा विचार मांडला. त्यातील ‘वेगळी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दंडशक्तीशी लोकशक्तीचे वैर त्यांनी कल्पिले नाही. नोव्हेंबर १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते पायी दिल्लीस गेले आणि राजघाटावर राहून नियोजन आयोगाच्या सदस्यांशी त्यांनी पहिल्या योजनेच्या मसुद्याविषयी चर्चा केली. अन्नधान्याच्या आयातीवरील भिस्त आणि सर्वांना काम देण्याविषयीचे मौन, असे त्यांचे मुख्य आक्षेप होते. शासन क्षीण व्हावे असे मानणारा विचारवंत शासनाकडे सर्वांच्या रोजगाराची हमी मागतो, यात वरवर विसंगती दिसते. वास्तविक ती विसंगती नसून त्यांच्या विचारातील सर्वांत सकस भाग आहे: शासन आहे तोवर त्याने आपले कर्तव्य करावे, आणि लोकांनी मात्र ते नसल्यासारखे वागावयास शिकावे.

तरीही खारबांधाच्या कसोटीला हा विचार एका ठिकाणी उणा पडतो. विनोबांचे सारे आंदोलन दानावर उभे आहे, आणि दानाचे गणित बेरजेचे असते. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत शंभर एकर जमीन मिळाली, तेव्हा ते दान स्वतःपुरते पूर्ण होते. शंभर जमीनमालकांपैकी दहांनीच जमीन दिली, तरी त्या दहा दानांनी दहा भूमिहीनांचे जीवन बदलते. उरलेल्या नव्वदांच्या नकाराने त्या दहांचे मोल कमी होत नाही. बांधाचे गणित बेरजेचे नाही. शंभर घरांपैकी नव्याण्णवांनी आपापल्या वाट्याचा बांध तोलून धरला आणि एकाने आळस केला किंवा तो मुंबईला गिरणीत निघून गेला, तर नव्याण्णवांचे श्रम पाण्यात जातात, आणि तेही शब्दशः. जेथे एकाच्या अनिच्छेने सर्वांचा नाश होतो, तेथे प्रत्येकाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहणे हा उदारपणा होत नाही; ज्यांचे परिवर्तन झालेले आहे त्यांच्यावर तो अन्याय होतो. खारेपाटातल्या गावांनी हे तत्त्वचर्चेशिवाय ओळखले होते. खांड पडली की दर घरटी एक माणूस बांधावर गेला पाहिजे, अशी जी रीत होती, तिला पुढील काळात ‘श्रमदान’ हे नाव चिकटले. पण मुळात ते दान नव्हते. तो गावाचा दंडक होता आणि त्याच्या मागे गावाच्या नाराजीचे, प्रसंगी वाळीत टाकण्याचे भय होते. गावाची ही दंडशक्ती शासनाच्या दंडशक्तीपेक्षा सौम्य असतेच असे नाही, आणि तिच्यावर अपील नसते. ग्रामसमाजाच्या आतील या जबरदस्तीचा विचार सर्वोदयाच्या वाङ्मयात पुरेशा कठोरपणे झालेला नाही, असे म्हणणे भाग आहे.

ग्रामदानाच्या टप्प्यावर विनोबांना हा प्रश्न प्रत्यक्षच भेटला. भूदानात मिळालेली जमीन भूमिहीनाच्या नावावर चढावयाची तर कायदा लागतो. ग्रामदानात सगळ्या गावाची जमीन एका ग्रामसभेकडे यावयाची तर तो अधिकच लागतो. सप्टेंबर १९५७ मध्ये म्हैसूरजवळील येलवाल येथे राष्ट्रपती, पंतप्रधान आणि निरनिराळ्या पक्षांचे पुढारी यांच्या उपस्थितीत जी परिषद झाली, तिने ग्रामदान आणि शासनाची सामूहिक विकास योजना यांच्यात निकट सहकार्य असावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदा १९६४ साली झाला. सर्वांच्या संमतीऐवजी बहुतांशांची संमती पुरेशी मानण्याकडे आंदोलनानेही पुढे पाऊल टाकले. टीकाकारांनी याला माघार म्हटले. त्यापेक्षा असे म्हणणे अधिक न्याय्य होईल की, दानाच्या बेरजेतून बांधाच्या गणिताकडे हा विचार निघाला होता, परंतु आपण सिद्धान्तात बदल करीत आहोत हे त्याने स्वतःशीही नीटसे मान्य केले नाही.

दुसऱ्या बाजूची परंपरा अशी भावविवश नाही. तिचा दोष तिच्या शिस्तीतच आहे. चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात, १ जुलै १९५५ रोजी, इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा शासनाने वटहुकुमाने आपल्या हाती घेतला. या दोन्ही निर्णयांमागे शासनाविषयीची अंधश्रद्धा नव्हती. स्टेट बँकेच्या निर्मितीमागे ग्रामीण पतपाहणी समितीचा १९५४ चा अहवाल होता. या समितीवर गोरवाला, वेंकटप्पय्या यांच्यासमवेत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आणि खुद्द शासनाचा ३.३ टक्के, असे त्या पाहणीत दिसून आले. समितीने त्यावर काढलेला मार्ग शासनाने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे असा होता: शासनाने सर्व काही करावे असेही नाही, लोकांवर सोडून द्यावे असेही नाही. कागदावर मध्यममार्ग याहून सुबक असू शकत नाही. पुढील अर्धशतकात भागीदार मालकासारखा वागू लागला आणि २००४ साली नेमलेल्या वैद्यनाथन समितीला सहकारातील शासनाचा हात आखडता घेण्याची शिफारस करावी लागली, हा इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे.

भागीदारी कोणत्या प्रमाणात, हे त्या परंपरेने ठरविले. कोणत्या कामात कोणी, हे ठरविले नाही. हीच उणीव खारबांधावर अधिक उघड दिसते. तिचा क्रम थोडक्यात असा. कुलाबा जिल्ह्यात समुद्राकडून मिळविलेल्या जमिनीच्या धारणेची शिलोत्री नावाची जुनी पद्धत होती. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदारावर असे आणि त्यासाठी तो कुळांकडून भात घेई. खाजगी मालकाने सार्वजनिक काम मोबदला घेऊन करावे, असा हा करार. त्यात मालकाचा स्वार्थ बांधाशी बांधलेला होता, हे खरे. पण मोबदला वसूल करण्याचा अधिकार जितका पक्का, तितके बांध दुरुस्त करण्याचे बंधन पक्के नव्हते. ज्या खारेपाटात चरी गावच्या आणि आसपासच्या पंचवीस गावांतील कुळांनी १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे जमीन न कसता खोतांशी झुंज दिली, नारायण नागू पाटील यांनी ज्या झुंजीचे नेतृत्व केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिला पाठिंबा दिला, त्या मुलखाला मालकाच्या सदिच्छेवर सोपवून देण्याचा सल्ला कोणी शहाणा मनुष्य देणार नाही. १९५५ च्या कायद्याने शिलोत्री हक्क नष्ट झाले, ते योग्यच झाले. परंतु हक्काबरोबर त्याला जोडलेले कर्तव्यही निराधार झाले. ते कोणाकडे जावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर मुंबई राज्याच्या १९४८ च्या खारजमीन कायद्याने आधीच देऊन ठेवले होते. त्याने खारजमीन विकास मंडळ स्थापिले आणि बांधाच्या योजनेचा खर्च शासन व जमीनधारक यांनी वाटून घ्यावा असे ठरविले. पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने योजनेचा मुख्य भार शासनावर आणि लाभधारकावर उपकर, अशी व्यवस्था केली. आज पेणला खारभूमी विकासाचा स्वतंत्र विभाग आहे आणि तो जलसंपदा खात्याच्या रचनेत आहे. मालकाच्या जागी मंडळ, मंडळाच्या जागी खाते: जबाबदारी प्रत्येक पावलाला बांधापासून थोडी थोडी दूर गेली. वाईट हेतूने हे कोणी केले नाही. गरीब शेतकऱ्यावरचा बोजा हलका व्हावा, हीच भावना त्यामागे होती.

अडचण अशी की, नियोजनाच्या दृष्टीने ‘काम’ म्हणजे आरंभ आणि शेवट असलेली वस्तू. बांध पूर्ण झाला, खर्च मंजूर झाला, नोंद झाली. प्रत्यक्षात बांध कधीच पूर्ण होत नाही. दर भरतीला तो थोडा खचतो. त्याला निधीपेक्षा नजर हवी असते, आणि नजर अंदाजपत्रकात मांडता येत नाही. दुसरी गोष्ट काळाची. खांड एका रात्रीत पडते आणि पंधरवड्याच्या भांगात बुजवावी लागते. शासनाचा पैसा मात्र पाहणी, अंदाज, मंजुरी, निविदा या वाटेनेच येऊ शकतो. या वाटेला लालफीत म्हणून हिणविणे सोपे आहे. वस्तुतः सार्वजनिक पैशाचा हिशेब देण्याची ही वाट आहे, आणि चिंतामणरावांसारख्या काटेकोर प्रशासकाने तिचा आग्रह धरला असता तर तो योग्यच ठरला असता. विलंब हे येथे दुर्गुणाचे फळ नसून एका सद्गुणाचे मूल्य आहे. म्हणूनच प्रामाणिक अधिकारी नेमून तो नाहीसा होणार नाही. आणि तिसरी गोष्ट, जी सर्वांत मोठी: बांध सरकारचा झाला, तेव्हा गावाचा हात बांधावरून निघाला. पूर्वी बिळात चिखलाचे ढेकूळ दाबून पुढे जाणारा शेतकरी आता अर्ज करतो. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. सरकारी बांधाला हात लावण्याचा आपल्याला अधिकार आहे की नाही, हेच त्याला ठाऊक नसते.

या विलंबाची किंमत गेल्या काही दशकांत फारच वाढली आहे. खांड वर्षानुवर्षे उघडी राहिली की शेतात तिवरे उगवतात. समुद्रकिनाऱ्याच्या संरक्षणाची १९९१ ची अधिसूचना आणि मुंबई उच्च न्यायालयाचे २००५ व २०१८ चे आदेश यांनी तिवरांच्या तोडीला कडक बंदी घातली आहे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती आवश्यक आहे, यात शंका नाही. पण परिणाम असा होतो की, बांधाचा रक्षक म्हणून शासनाने जे केले नाही, त्याचे फळ निसर्गाचा रक्षक म्हणून तेच शासन कायम करून टाकते. सातबाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याचे नाव राहते, जमीन मात्र खाडीची होते. खाडीतील वाढत्या जलवाहतुकीच्या लाटांनी बांध खचतात, अशीही शेतकऱ्यांची तक्रार आहे. तिची शहानिशा पुन्हा शासनाच्याच कुठल्या तरी तिसऱ्या खात्याकडे. शासन ‘अधिक’ की ‘उणे’, या प्रश्नाला अशा ठिकाणी अर्थच उरत नाही. येथे शासन एकाच वेळी नको तितके आहे आणि हवे तेव्हा नाही.

खारेपाटातील शेतकऱ्यांनी स्वतः या प्रश्नाची मांडणी कशी केली, हे पेण तालुक्यातील एका प्रसंगातून दिसते, आणि ती दोन्ही आचार्यांपेक्षा अधिक नेमकी आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेण्याची प्रक्रिया सुरू झाली, तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या गावांनी तिला विरोध केला. २१ सप्टेंबर २००८ रोजी अशा २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचे मत अजमावले. भूसंपादनाच्या कायद्यात अशा मतदानाची तरतूद नव्हती. लोकांच्या रेट्याने शासनाला तो मार्ग काढावा लागला. पुढे ते संपादन तडीस गेले नाही. सर्वोदयाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला यात लोकशक्तीचा विजय दिसेल, आणि तो आहेही. पण त्या शेतकऱ्यांची बाजू नीट पाहिली तर ते शासनमुक्ती मागत नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की, शासनाने बांधलेल्या धरणाचे पाणी आमच्या शेताला मिळावयाचे आहे. ते द्या आणि जमीन घेऊ नका. धरण बांधणे गावाच्या आवाक्याबाहेरचे, म्हणून ते शासनाने करावे. जमिनीचे काय करावयाचे ते ज्याची जमीन त्याने ठरवावे. कामाच्या जातीवरून केलेली ही वाटणी होती, प्रमाणावरून केलेली नव्हती.

अशी वाटणी कायद्यात उतरू शकते काय, याचे उत्तर गोव्यात अंशतः मिळते. गोव्याच्या खाजण जमिनींची रचना धरमतरच्या खारजमिनीसारखीच. तेथे उघाडीला मानस म्हणतात. १९६४ च्या कुळवहिवाट कायद्यानंतर १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयी जे नियम झाले, त्यांनी एका बांधाच्या आश्रयाने शेती करणाऱ्या सर्व कुळांचा संघ मानला आणि बांधाची देखभाल त्याच्यावर सोपविली. सभासदत्व ऐच्छिक नाही, ही यातील मर्माची गोष्ट आहे. सक्ती कायद्याची, काम गावाचे, दुरुस्तीच्या खर्चात शासनाचाही वाटा. विनोबांच्या ग्रामसभेला जे बळ हवे होते आणि मागावयास संकोच वाटत होता, ते येथे कायद्याने दिले आहे. तथापि गोव्याचा अनुभव निर्भेळ नाही. मानशीतील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न संघाला मिळते, आणि शेती तोट्यात जाऊ लागली की भातापेक्षा मासा फायद्याचा ठरतो. मग मानस कोणासाठी उघडावयाची, यावर संघातच तंटे होतात. आत शिरलेले खारे पाणी संघाच्या बहुमताला विचारून थांबत नाही. म्हणजे गावाचा संघ नेमला की प्रश्न सुटला, असेही नाही. संघाच्या वरही कोणी तरी निवाडा करणारा लागतो.

नेदरलँडमधील बांधमंडळांचा दाखला या संदर्भात नेहमी दिला जातो, आणि तो देण्यासारखा आहे. ऱ्हाइनलँडचे मंडळ तेराव्या शतकापासून चालत आलेले आहे. मंडळाला स्वतःचा कर बसविण्याचा अधिकार आहे आणि त्याची निवडणूक होते. उत्तर समुद्राच्या काठच्या मुलखात जुनी चाल अशी होती की, ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणे जमत नसेल त्याने बांधात कुदळ रोवून जमिनीवरील हक्क सोडावा. जो ती कुदळ उपटील त्याने जमीन घ्यावी व बांधही. नियम क्रूर आहे. पण हक्क आणि कर्तव्य यांची गाठ त्यात एका वस्तूत बांधलेली आहे, आणि १९५५ साली कुलाब्यात नेमकी तीच गाठ सुटली. अर्थात डच शेतकऱ्याच्या मागे जे भांडवल उभे राहिले ते खारेपाटातील एकपिकी भातशेतीच्या मागे नाही, आणि नुसत्या करावर तेथील बांध उभे राहणार नाहीत. परदेशी दाखल्याचा उपयोग येथवरच.

धरमतरच्या बाबतीत ही वाटणी पुष्कळशी कामाच्या स्वरूपातूनच निघते. बांधाची उंची, उघाड्यांची जागा, मोठ्या खांडीचे काम, जलवाहतुकीवर निर्बंध, आणि जो आपला वाटा उचलत नाही त्याच्याकडून तो वसूल करणे, ही शासनाची कामे. गावाने ती करू म्हटले तरी त्याला ती झेपणार नाहीत. बांधावरची रोजची नजर आणि पहिल्या भांगातील पहिली दुरुस्ती, ही गावाची. शासनाने ती करू म्हटले तरी त्याला वेळेवर पोहोचता येणार नाही. यांपैकी पहिल्या गटाला कायद्याचा आधार आहे. दुसऱ्याला तो मिळावयाचा तर एवढेच लागेल की, खांड पडताच ग्रामसभेने ठराव करून ती बुजवावी, तो खर्च नंतर ठरलेल्या दराने शासनाने भरून द्यावा, आणि तसे करणाऱ्यावर सरकारी बांधात हात घातल्याचा ठपका येऊ नये. लेखापरीक्षेच्या दृष्टीने यात धोका आहे: खांड किती रुंद होती, हे ती बुजल्यावर कोण सांगणार? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. छायाचित्र, तलाठ्याचा पंचनामा, शेजारच्या गावाची साक्ष यांनी तो सौम्य होईल, नाहीसा होणार नाही. त्याच्या दुसऱ्या पारड्यात मात्र तिवरांखाली गेलेली जमीन आहे, आणि ती कोणत्याही लेखापरीक्षेत आजवर खर्ची पडलेली नाही.